घरातले जुने फोटो कसे जपायचे: आधी नावं, मग स्कॅनिंग

ठाण्यात नौपाडा, चरई, खारकर आळी, पाचपाखाडी, जिकडे बघावं तिकडे जुन्या बिल्डिंगा रिडेव्हलपमेंटला चालल्यात. घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते, त्यात लग्नाचे अल्बम, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले पणजोबांचे फोटो, निगेटिव्हची पाकिटं, आणि भाड्याच्या जागेत एवढं सामान न्यायचं कुठे म्हणून त्यातलं बरंचसं थेट भंगारात जातं. कळकळीने सांगतो, ती ट्रंक देऊ नका. तिचं काय करायचं ते सगळं खाली लिहिलंय, घरच्या घरी जमेल असंच आहे, फक्त क्रम चुकवू नका.

कारण बहुतेक जण सुरुवातच "स्कॅनर कुठला घेऊ" इथून करतात. स्कॅनर नंतर. चांगला धुतलेला काळापांढरा फोटो नीट ठेवला तर अजून पन्नास वर्षं टिकेल, पण त्यातल्या माणसांना ओळखणारी पंच्याऐंशी वर्षांची आत्या तेवढी थांबणार नाहीये. नाव नसलेला फोटो कितीही भारी स्कॅन केला तरी पुढच्या पिढीला ती "कोणीतरी जुनी माणसं" असतात आणि मग तो फोटो ठेवायला कोणालाच कारण उरत नाही. म्हणून पहिलं काम नावांचं.

ते कसं करायचं तर मूळ फोटो घेऊन फिरू नका. मोबाइलवर साधे फोटो काढा, ए-फोर कागदावर मोठी प्रिंट काढा, प्रत्येक चेहऱ्यावर पेनाने आकडा घाला आणि तो कागद घेऊन म्हाताऱ्या माणसांकडे जा. गौरी-गणपतीला सगळे एका घरी जमतात, ती वेळ सगळ्यात चांगली, दोन बहिणी शेजारी बसल्या की एकीला आठवत नाही ते दुसरीला आठवतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, विचारून ठेवा. आणि प्रश्न "हा कोण" एवढाच विचारू नका, "हे कुठल्या घरी आहे", "हे कोणाचं लग्न", "तू तेव्हा केवढी होतीस" असं विचारा. "आत्या, ही पुढे बसलेली तूच ना?" असं विचारलं की उत्तर येतं, "छे रे, मी कुठली, मी मागे उभी आहे, ही आमची थोरली वहिनी, नुकतीच लग्न होऊन आली होती तेव्हा, बघ ना पाटल्या कशा कोऱ्या आहेत." या एका वाक्यात माणूस मिळाला, नातं मिळालं, आणि वहिनीच्या लग्नाचं साल माहीत असेल तर फोटोचं सालही मिळालं.

लिहून घेताना दोन गोष्टींची काळजी घ्याच. एक म्हणजे आत्या, काका, ताई, नाना असं लिहून सोडून देऊ नका, तुमची आत्या तुमच्या नातवाची कोणीच नसते, पूर्ण नाव लिहा आणि नातं कोणाच्या बाजूने ते लिहा. दुसरं बायकांबद्दल, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलायचंच, पण कितीतरी घरांत पहिलं नावही बदलायचं, त्यामुळे माहेरच्या अल्बममधली मुलगी आणि सासरच्या अल्बममधली सौ. अमुक या एकच आहेत हे कागदावर कुठेच दिसत नाही. प्रत्येक बाईचं माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव आणि माहेर कुठलं हे तिन्ही लिहा. जागा सांगताना "डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, आणि "बसलेले", "उभे", "खाली मांडी घातलेली मुलं" अशा रांगा पाडा. कोणाच्या ओळखीबद्दल खात्री नसेल तर "बहुतेक" असं लिहा आणि कोणी सांगितलं, कधी सांगितलं तेही लिहा, कारण उद्या दुसरा कोणी वेगळं सांगितलं तर कोणाच्या शब्दावर जायचं ते ठरवता येतं.

हे चालू असताना अल्बम फाडायचे नाहीत आणि पाकिटं एकत्र ओतायची नाहीत. साल लावून, माणसं लावून नव्याने मांडावं असं वाटतं, पण कोणता फोटो कोणाच्या शेजारी होता, कोणाच्या ट्रंकेत होता, कुठल्या पाकिटात होता ही सुद्धा माहितीच असते. चार अनोळखी फोटो एकाच पाकिटात असतील आणि त्यातल्या एकाच्या मागे "पनवेल" लिहिलेलं असेल तर बाकी तिघांचाही धागा मिळतो. अर्काइव्हवाले, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या संस्थांतले लोक, म्हणूनच आलेला क्रम मोडत नाहीत. तुम्हीही आधी अल्बमचं पानन् पान मोबाइलवर टिपून ठेवा, मग अल्बमला नंबर, पानाला नंबर, फोटोला नंबर द्या, आणि तोच नंबर शेवटपर्यंत सगळीकडे वापरा. नंबर फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने, फोटो कडक सपाट जागेवर उपडा ठेवून, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नाही, त्याचा दाब पुढून उमटतो आणि शाई पसरते. साधारण १९७० नंतरच्या गुळगुळीत प्लास्टिकचा थर असलेल्या प्रिंटवर पेन्सिल उठत नाही, तिथे नंबर पाकिटावर लिहा.

साल कसं काढायचं

फोटो उलटा करा. मागचा स्टुडिओचा शिक्का पुढच्या चेहऱ्यांइतकाच बोलतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी "मुंबई २८" असं लिहायचे, तेच पुढे ४०००२८ झालं. (जुने शिक्के लोक वर्षानुवर्षं वापरायचे, त्यामुळे पिनकोड नाही म्हणजे बहात्तरच्या आधीचाच असं मात्र नाही.) पनवेल-उरणच्या स्टुडिओच्या शिक्क्यावर "जि. कुलाबा" असेल तर तो शिक्का १९८१ च्या आधी बनवलेला, त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पाकिटात पावती असेल आणि रक्कम आण्यात असेल तर सहसा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, तेव्हा नवे पैसे आले. फोटोत मागे "ठाणे नगरपालिका" अशी पाटी दिसली तर ती १९८२ च्या आधीची धरा, त्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली. तलावपाळीला काढलेल्या फोटोत मागे गडकरी रंगायतन हे नाट्यगृह दिसत असेल तर १९७८ च्या आधीचा नक्की नाही. वाशी स्टेशन दिसत असेल तर १९९२ च्या मेमध्ये तिथे लोकल पोचली हे लक्षात ठेवा.

मागे मोडीत काही लिहिलं असेल तर "काहीतरी खुणा" म्हणून सोडू नका, मोडी वाचणारे लोक आजही आहेत, मोडीचे वर्ग चालतात, एक स्वच्छ स्कॅन पाठवला तर वाचून मिळतं.

कपडे आणि वस्तू बघताना जरा जपून. पांढरी गांधी टोपी १९२० च्या आसपास रुळली, त्यामुळे ती असेल तर खालची मर्यादा मिळते, पण पगडी किंवा नऊवारी असली म्हणून फोटो फार जुना असं नसतं, म्हाताऱ्या माणसांनी आपला वेष शेवटपर्यंत सोडला नाही. शिवाय खुर्ची, फुलदाणी, कठडा, मागचा रंगवलेला बगीचा हे सगळं स्टुडिओचं असायचं, कधीकधी कोटसुद्धा. त्यावरून घरची श्रीमंती काढू नका, पण एकच पडदा दोन वेगळ्या घरांच्या फोटोत दिसला तर स्टुडिओ तोच हे धरायला हरकत नाही. ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवर किंवा कोणाच्या मांडीवर फ्रेम केलेला फोटो ठेवलेला दिसतो ना, ते गेलेले माणूस, त्यांची तारीख घरात कोणाला तरी माहीत असतेच, फोटो त्यानंतरचा.

फोटोची जातही साल सांगते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ कागद, तपकिरी रंग, उजळ भाग पिवळट पडलेले असा फोटो बहुतेक अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर केलेला, म्हणजे अल्ब्युमेन, तो प्रकार १८५० च्या दशकापासून १८९० च्या दशकापर्यंत जोरात होता. अडीच बाय चार इंचाचा पुठ्ठा म्हणजे जुनं कार्त द व्हिझिट, सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा म्हणजे कॅबिनेट कार्ड. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ला, म्हणजे ठाण्यातल्या एखाद्या सुखवस्तू घरात इतका जुना फोटो निघणं अशक्य नाही, पण बहुतेक ट्रंकांमध्ये विसाव्या शतकातला काळापांढरा माल असतो. त्यात काळ्या भागावर तिरक्या उजेडात निळसर चंदेरी चकाकी दिसते, ती चांदी वर आलेली असते, पुसायची नाही. चौकोनी सहा बाय सहा सेंटीमीटरच्या निगेटिव्ह सापडल्या तर घरात आग्फा क्लिक थ्री किंवा तसाच कॅमेरा होता का विचारा, एका रोलवर बारा फोटो यायचे, त्यामुळे बारा निगेटिव्ह एकाच सहलीच्या किंवा एकाच सणाच्या निघण्याची शक्यता मोठी.

स्कॅनिंग

आता स्कॅनर. साधा फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद ठेवून वर झाकण लावायचा, तो चालतो, निगेटिव्ह असतील तर झाकणात लाइट असलेला लागतो. हे काम दिवाळीनंतर काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा कोरडी असते. पावसाळ्यात ट्रंक उघडून फोटो बाहेर पसरले तर ते खाडीकडचा दमट वारा पिऊन घेतात आणि मग तसेच बंद होतात.

कशाला आधी हात घालायचा तर ज्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतोय त्या निगेटिव्हला, त्या आतून कुजत चालल्यात आणि त्यांचा वास शेजारच्यांना पण लागतो, त्या लगेच वेगळ्या ठेवा. मग सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो, ते लाल-पिवळे पडत चाललेत, रंग रोज कमी होतोय. खूप जुन्या, १९५१ च्या आधीच्या फिल्मच्या कडेला "सेफ्टी" असा शब्द छापलेला नसेल तर ती नायट्रेट असू शकते, ती पेट घेते, स्कॅनरच्या गरम लाइटखाली घालू नका, थंड जागी वेगळी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

हात धुऊन कोरडे करा, फोटो कडेने धरा, निगेटिव्हला पातळ रबरी हातमोजे. धूळ ब्लोअरने आणि मऊ ब्रशने, मधून बाहेरच्या दिशेने. ओलं फडकं, थुंकी, कॉलीन, स्पिरिट काही नाही. प्रिंट ६०० डीपीआयला (एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा), पासपोर्ट साइज आणि छोटे चेहरे असलेले ग्रुप १२०० ला, पस्तीस एमएमच्या निगेटिव्ह ३००० च्या आसपास. काळापांढरा फोटोही कलरमध्येच स्कॅन करा, त्याचा तपकिरीपणा, डाग, मागची निळी शाई हे सगळं रंगातच दिसतं. ऑटो करेक्शन, शार्पनिंग सगळं बंद. पुठ्ठ्याच्या कडा सकट आणि मागची बाजू सुद्धा स्कॅन करा, कोरी दिसली तरी. मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे चित्राची क्वालिटी कमी न करणाऱ्या फाइल प्रकारात. चार बाय सहाचा फोटो ६०० ला साधारण २६ एमबी होतो, म्हणजे पाचशे फोटो तेरा जीबीत बसतात, आजच्या हिशोबाने हे काहीच नाही, त्यामुळे जागा वाचवायला क्वालिटी कमी करू नका. घरच्या ग्रुपवर पाठवायला वेगळी जेपेग बनवा, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून बारीक करतं.

फाइलच्या नावात फक्त नंबर, अल्बम एक, पान चार, फोटो दोन, पुढची की मागची. नावं, सालं, गोष्टी हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये, प्रत्येक नंबरसमोर. शीटची एक छापील प्रत फोटोंसोबत ठेवा. कॉपी तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे कॉम्प्युटर, हार्ड डिस्क आणि बहिणीच्या घरची दुसरी डिस्क किंवा क्लाउड.

एआयने रंग भरणं, चेहरा स्पष्ट करणं यावर माझं मत पक्कं आहे: कॉपीवर हौस म्हणून करा, पण नावातच तसं लिहा आणि मूळ फाइलवर कधीच सेव्ह करू नका. पुसट चेहरा तो प्रोग्रॅम ओळखत नसतो, नवीन बनवत असतो, आणि पणजीचे म्हणून आपण भलत्याच बाईचे डोळे जपून ठेवतो. साडीचा रंग तर त्याला कुठून कळणार, तो आत्याला विचारा.

ठेवायचं कशात आणि कुठे

जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो कॉर्नरने लावलेले असतील आणि मध्ये कोळ्याच्या जाळ्याचं डिझाइन असलेला बटर पेपर असेल तर तो अल्बम तसाच ठेवा, चांगला आहे. धोका आहे तो ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक ओढलेल्या अल्बमना. तो गोंद पिवळा पडून फोटोत उतरतो. आधी पान आहे तसं स्कॅन करा, मग मेण नसलेला दातांचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा, फोटो वाकवू नका, नाही सुटला तर राहू द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढायचाच नाही, वरचा थर काचेवर राहतो आणि चेहरा गेला तो गेला. काचेसकट स्कॅन करा आणि कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतनाच्या जाणकाराला, दाखवा, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाकृतींच्या जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करता येते.

सुटे फोटो ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये. पीव्हीसी नको, ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते जवळ आणू नका. रबरबँड, स्टेपल, टाचणी, सेलोटेप, डांबरगोळ्या सगळं बाहेर. काचेच्या निगेटिव्ह निघाल्या तर एकावर एक रचू नका, प्रत्येक वेगळ्या कागदात, लांब कडेवर उभ्या.

जागा म्हणाल तर माळा नको, तिथे मे महिन्यात भट्टी असते, जमीन नको, आणि बाथरूमच्या किंवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, पावसात ती भिंत ओल धरते. आतल्या खोलीतलं स्टीलचं कपाट, मधला कप्पा, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या रंग बदलला की गरम करून परत कोरड्या करायच्या. फोटोंना साधारण ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते आणि ठाण्यात जुलैमध्ये ८० च्या वर असते, म्हणून बुरशी आणि कसर हे आपले कायमचे शत्रू, पावसाळा संपला की एकदा सगळं उघडून बघा. बुरशी दिसली तर तो फोटो आधी वेगळा, कोरड्या हवेत सुकवायचा, पूर्ण सुकल्यावरच गॅलरीत मास्क लावून मऊ ब्रशने झटकायचा, ओली बुरशी पुसली की ती फोटोत घुसते.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर कितीतरी घरांतले अल्बम गेले, त्यातले बरेच पाण्याने गेले नाहीत, गठ्ठा तसाच वाळल्यामुळे गेले. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की परत सुटत नाहीत. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात सोडा, हळूच वेगळे करा, चेहऱ्याच्या बाजूला बोट न लावता टिपकागदावर तोंड वर करून सावलीत पंख्यापासून लांब वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते, तेवढ्यात जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका आणि निवांत करा. काचेच्या आणि पत्र्यावरच्या जुन्या फोटोंना हे लागू नाही, ते पाण्यात घालू नका.

नवी मुंबईच्या गावठाणातल्यांसाठी खास

बेलापूर, जुहूगाव, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, तुमच्या घरातले १९७० च्या आधीचे फोटो फक्त घरचे नाहीयेत. नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ९५ गावांची जमीन गेली, मिठागरं, भातखाचरं, बांध, होड्या लावायची जागा हे आज बघायला कुठे आहे? लग्नाच्या वरातीच्या फोटोत नवरदेवाच्या मागे जे दिसतं ना, ते माणसांइतकंच बारकाईने नोंदवा: हे शेत कोणाचं, त्याला काय म्हणायचे, आज तिथे कुठला सेक्टर आहे. शेतांची, खाजणांची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडात आहेत, सातबाऱ्यावर सगळी नसतात. शक्य असेल तर आजोबांना घेऊन त्या जागी जा, तिथे उभं राहून फोनवर लोकेशन सेव्ह करा आणि शीटमध्ये टाका. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या आंदोलनाचे, त्याचे नेते दि. बा. पाटलांच्या सभांचे फोटो कोणाकडे असतील तर ते सगळ्यात आधी स्कॅन करा, आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या बायका कोण ते विचाराच, पुढाऱ्यांची नावं पेपरात असतात, त्यांची नसतात.

शेवटचं, पुढे कोणाला द्यायचे असतील तर. कायद्याने पैसे देऊन काढून घेतलेल्या स्टुडिओ फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, आणि फोटोवरचा कॉपीराइट २०१२ पर्यंत प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं होता, त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. म्हणजे घरचे फोटो कोणाला वापरू द्यायचे ते बहुतेक वेळा तुम्हीच ठरवू शकता. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून, आणि घरगुती फोटो आणि त्यांच्या गोष्टी गोळा करणारं इंडियन मेमरी प्रोजेक्ट २०१० पासून ऑनलाइन आहे. संस्थेत गेलात तर आधी विचारा की फोटो घेता का, ठेवता कसे, आम्हाला परत बघायला मिळतील का. देताना सुटे फोटो देऊ नका, संग्रह अख्खा द्या, नंबर, शीट आणि रेकॉर्डिंगसकट. दिलेत की फक्त कॉपी करायला दिलेत, छापायची परवानगी आहे की नाही, कोणाचं नाव जाहीर करायचं नाही, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि त्या पानाची झेरॉक्स शीटच्या फाइलला लावून ठेवा.